छप्पर मिळाले, पण रंगमंच कुणाचा?

जून महिना आला की अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातले अल्बुकर्की शहर फ्लामेंको नाचणाऱ्यांच्या टाचांनी दणाणते. १९८७ पासून तिथे फ्लामेंकोचा उन्हाळी उत्सव भरतो आहे. रिओ ग्रांदे नदीच्या काठी, बारेलास नावाच्या जुन्या कामगार वस्तीत 'नॅशनल हिस्पॅनिक कल्चरल सेंटर' उभे आहे. या उत्सवाचे प्रयोग तिथल्या रंगमंचावरही झाले आहेत. मोठ्या सभागृहात नाच, नाटक आणि संगीत, तर शंभराच्या आत खुर्च्या असलेल्या छोट्या चित्रपटगृहात सिनेमे. राज्य सरकारच्या संस्कृती खात्याने चालवलेले हे केंद्र २००० साली लोकांसाठी खुले झाले.

वरवर पाहता ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांची भाषा शाळेत बोलली म्हणून पोरांना मार बसत होता, त्यांच्या भाषेला, नाचाला, नाटकाला सरकारी खर्चाने छप्पर मिळाले. न्यू मेक्सिकोत हा समाज लोकसंख्येच्या निम्म्याच्या जवळपास आहे. त्याने मतांच्या बळावर हे मिळवले, कुणी दान दिले नाही. इथपर्यंत आम्ही टाळ्या वाजवतो.

पण आंबेडकरी चळवळीतला माणूस टाळ्या वाजवून थांबत नाही. तो विचारतो, या छपराखाली कोण बोलतो? कुणाच्या नावाने बोलतो? आणि कुणाचे नाव फलकावर येतच नाही? हे प्रश्न आम्हाला जवळचे आहेत, कारण सांस्कृतिक भवन आणि समाजमंदिर हे शब्द आपल्या वस्त्यांनाही ठाऊक आहेत. म्हणून या दूरच्या केंद्राचा इतिहास नीट पाहणे गरजेचे वाटते.

नदीकाठचे पहिले नाटक

न्यू मेक्सिकोच्या रंगभूमीचा इतिहास सांगताना १५९८ सालापासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. त्या वर्षी हुआन दे ओन्याते सैनिक, वसाहतकरी आणि पाद्री घेऊन मेक्सिकोतून उत्तरेकडे आला. ३० एप्रिल १५९८ रोजी, आजच्या एल पासो शहराजवळ रिओ ग्रांदेच्या काठी, त्याने हा सगळा मुलूख स्पेनच्या राजाचा झाल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी मार्कोस फार्फान या कप्तानाने लिहिलेले नाटक तिथे सादर झाले. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर युरोपीय माणसांनी केलेल्या सर्वांत जुन्या नाट्यप्रयोगांपैकी तो एक मानला जातो. नाटकाचा विषय होता, स्थानिक लोक ख्रिस्ती धर्म कसा आनंदाने स्वीकारतील.

पुढे सप्टेंबरात सान हुआन इथे 'मूर आणि ख्रिस्ती' हा लुटुपुटूच्या लढाईचा खेळ झाला. घोडे, बंदुका, आरडाओरडा, आणि शेवटी मूरांची शरणागती. पाहायला पुएब्लो जमातींचे लोक होते. त्यांना काय दाखवायचे होते हे उघड आहे. शरण येणारे तुम्ही आहात, एवढाच त्या खेळाचा अर्थ.

ज्यांना तो अर्थ मान्य नव्हता त्यांचे काय झाले, हे काही महिन्यांतच दिसले. जानेवारी १५९९ मध्ये आकोमा या पुएब्लो गावावर ओन्यातेच्या सैन्याने हल्ला केला. सुमारे ८०० माणसे मारली गेली. जे वाचले त्यांच्यावर खटला चालवण्यात आला आणि पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना एक पाय तोडण्याची आणि वीस वर्षे गुलामीची शिक्षा सुनावण्यात आली.

म्हणजे त्या भूमीवर नाटक आणि तलवार एकाच तुकडीतून आले. आपल्यासाठी यात नवे काही नाही. जेता आधी जमीन घेतो आणि मग ती त्याचीच कशी होती याची कथा रचतो, ती कथा उत्सव बनवतो आणि हरलेल्यांनाच त्या उत्सवात नाचायला लावतो. सण कुणाच्या मृत्यूचा आहे, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी आपल्याला विचारायला शिकवला. तोच प्रश्न रिओ ग्रांदेच्या काठीही लागू पडतो.

दुसरी बाजूही पाहू. पुएब्लो लोकांचे स्वतःचे नाच होते, मुखवटे होते, भूमिगत धर्मदालने होती. पाद्र्यांना ते सैतानाचे काम वाटत होते. १६६१ साली त्या नाचांवर बंदी आली आणि मुखवटे जप्त करून जाळण्यात आले. १६७५ साली ४७ धर्मप्रमुखांना जादूटोण्याच्या आरोपाखाली पकडले गेले. काहींना फाशी झाली, बाकीच्यांना जाहीर फटके मारण्यात आले. फटके खाणाऱ्यांत पोपे नावाचा एक माणूस होता. पाच वर्षांनी, ऑगस्ट १६८० मध्ये, त्याने गावोगाव गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची गाठ सुटली की उठाव. वेगवेगळ्या भाषा बोलणारी गावे एकाच वेळी उठली आणि स्पॅनिश सत्ता तिथून बारा वर्षे हाकलली गेली.

या उठावाला जमीन, धान्याची लूट, दुष्काळ, वेठबिगारी अशी अनेक कारणे होती. पण आपला नाच आपल्याला नाचू द्या, हेही त्यातले मोठे कारण होते. 'संस्कृती' हा पोट भरल्यावरचा विषय आहे असे म्हणणाऱ्या आपल्या काही पुरोगामी मित्रांनी हे लक्षात ठेवावे.

'कास्ता' नावाचा शब्द

आता 'हिस्पॅनिक' या शब्दाकडे येऊ. हा शब्द ओन्यातेच्या वारसांनाही लागू होतो आणि ओन्यातेच्या सैनिकांनी ज्यांना पळवून आणले त्यांच्या वारसांनाही. सगळी गुंतागुंत इथेच आहे.

स्पॅनिश वसाहतीत माणसांची नोंद जन्मावरून होत असे. चर्चच्या वह्यांत आणि शिरगणतीत एस्पान्योल, मेस्तिसो, मुलातो, कोयोते अशा नोंदी असत. आई कोण, बाप कोण, यावरून माणसाचा दर्जा. या नोंदींना शब्द होता 'कास्ता'. हाच शब्द पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर, गोव्यात आणि मलबारात, इथल्या जातींसाठी वापरला आणि त्यातूनच इंग्रजीतला 'कास्ट' आला. अमेरिका आणि भारत, दोन्ही ठिकाणी इबेरियन माणसाला जन्मावर आधारलेली उतरंड दिसली किंवा त्याने ती उभी केली, आणि शब्द एकच वापरला. दोन्ही व्यवस्था सारख्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. तिथली उतरंड रंगावर आणि वंशावर होती, पैसा आणि लग्न यांच्या जोरावर पायरी बदलता येत असे. इथली जात धर्मग्रंथाने शिवलेली, शिवाशिवीने बांधलेली. पण ज्या समाजाला आपल्या पूर्वजांची पायरी लपवावीशी वाटते, तो समाज आपल्याला चटकन ओळखता येतो.

न्यू मेक्सिकोत अशी सर्वांत झाकलेली पायरी होती 'हेनिसारो'. अपाची, नावाहो, कोमांची, पॉनी अशा जमातींतली पळवलेली, विकत घेतलेली बायका-मुले स्पॅनिश घरांत नोकर म्हणून वाढली. त्यांना ख्रिस्ती नाव मिळाले, स्पॅनिश भाषा मिळाली, आपली जमात मात्र कायमची तुटली. अठराव्या शतकाच्या शेवटी त्या प्रांताच्या लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा त्यांचा होता असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सरकारने त्यांना सीमेवर वसवले, म्हणजे हल्ला झाला तर पहिला वार त्यांच्यावर व्हावा. आबिकिऊ हे त्यांचे गाव. तिथे त्यांना १७५४ साली जमीन मिळाली. त्या गावाच्या जत्रेत आजही बंदिवानांचा नाच होतो. कागदावरून पुसलेली ओळख नाचात टिकली.

१८४८ साली, युद्धानंतरच्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने, हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. तहात जुन्या मालकीचे रक्षण करण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात गावांच्या सामाईक जमिनी वकील, सर्वेक्षक आणि कोर्ट यांच्या हातून निसटल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या नजरेत हे सगळे 'मेक्सिकन', म्हणजे खालचे. त्याला उत्तर म्हणून तिथल्या वरच्या घरांनी सांगायला सुरुवात केली की आम्ही मेक्सिकन नाही, आम्ही शुद्ध स्पॅनिश, ओन्यातेबरोबर आलेले.

समाजशास्त्रात आम्ही संस्कृतीकरण ही संकल्पना शिकलो. खालची जात वरच्या जातीचे आचार उचलून वर सरकू पाहते. न्यू मेक्सिकोतला 'शुद्ध स्पॅनिश' दावा याच जातकुळीतला. वरच्याकडून अपमान झाला की त्याच्याशी लढण्याऐवजी त्याच्याशी नाते सांगायचे, आणि खालच्याशी असलेले नाते तोडायचे. आपल्याकडे क्षत्रियत्वाचे दाखले शोधणाऱ्या किती जाती यातून गेल्या! बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते हेच. प्रत्येकाला पायाखाली कुणीतरी हवा असतो, म्हणून शिडी कुणीच मोडत नाही.

'हिस्पॅनिक' हा सरकारी शब्द १९७० च्या दशकात रुळला आणि १९८० च्या जनगणनेत सगळ्या देशाला विचारला गेला. त्याआधी, १९६० च्या दशकात, तरुणांनी वेगळा शब्द उचलला होता, 'चिकानो'. एके काळी तो हिणवण्यासाठी वापरला जाई. तरुणांनी तो छातीवर लावला आणि सांगितले, आम्ही मूलनिवासींचेही वारस आहोत, आम्ही कामगार आहोत, आम्हाला स्पेनच्या राजाशी नाते नको. 'हरिजन' नाकारून 'दलित' आणि 'बौद्ध' म्हणवून घेणाऱ्यांना या दोन शब्दांतले अंतर समजावून सांगावे लागणार नाही.

ट्रकच्या फळ्यांवरचा रंगमंच

चिकानो रंगभूमी सभागृहात जन्मली नाही. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातल्या डेलानो इथे फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला. आठवड्याभरात सेसार चावेस आणि दोलोरेस वेर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. (संपाची सुरुवात फिलिपिनोंनी केली हे पुढच्या कथांत अनेकदा गळते, हेही नोंदवून ठेवू.) त्या संपात लुईस वाल्देझ या मजुराच्या पोराने 'एल तेआत्रो काम्पेसिनो' म्हणजे शेतमजुरांची रंगभूमी सुरू केली.

त्यांच्याकडे पडदा नव्हता, प्रकाशयोजना नव्हती. उघड्या ट्रकच्या फळ्या हाच रंगमंच. नट कोण? दिवसा संपाच्या रांगेत उभे राहणारे मजूर. गळ्यात पाटी अडकवायची, 'संपकरी', 'संपफोड्या'. मळेवाल्याच्या तोंडाला डुकराचा मुखवटा. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, भरपूर हशा आणि शेवटी एकच सांगणे, युनियनमध्ये या. ज्या मजुराला मालकासमोर मान वर करता येत नव्हती, तो मालकाचा मुखवटा घालून मालकाची टर उडवू लागला. त्या क्षणी भीती गेली.

आंबेडकरी जलसा ज्यांनी पाहिला किंवा ज्यांच्या आजीने त्याबद्दल सांगितले, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. भीमराव कर्डकांच्या जलशालाही सभागृह लागत नव्हते. वस्तीतले मैदान, पेट्रोमॅक्सची बत्ती, ढोलकी आणि समोर दिवसभर राबून आलेली माणसे. या दोन प्रवाहांची एकमेकांशी भेट झाली नाही. तरी दोन्हीकडे एकच गोष्ट घडली: ज्याच्यावर अन्याय होतो तोच बोलू लागला.

न्यू मेक्सिकोच्या मातीतली याहून मोठी गोष्ट सिनेमाची आहे. राज्याच्या नैर्ऋत्येला हॅनोव्हर इथे एम्पायर झिंक कंपनीची खाण होती. मेक्सिकन वंशाच्या खाणकामगारांना गोऱ्यांपेक्षा वाईट कामे, कमी मजुरी आणि कंपनीच्या चाळीत गरम पाण्याचा नळसुद्धा नाही. ऑक्टोबर १९५० मध्ये संप सुरू झाला. जून १९५१ मध्ये कोर्टाने हुकूम काढला की कामगारांनी खाणीच्या दाराशी रांग धरायची नाही. तेव्हा बायका पुढे आल्या. हुकूम कामगारांना आहे, आम्ही कुठे कामगार आहोत? युनियनच्या सभेत वाद झाला, पुरुषांना ते पटेना, शेवटी मतदान झाले आणि बायका रांगेत उभ्या राहिल्या. अश्रुधूर, गाड्या अंगावर घालणे, तुरुंग, सगळे झाले. तुरुंगात बायकांबरोबर लहान मुलेही होती. घरी नवरे कपडे धुऊ लागले आणि गरम पाण्याची मागणी क्षुल्लक नव्हती हे त्यांना तेव्हा कळले. संप जानेवारी १९५२ मध्ये मिटला.

या लढ्यावर 'सॉल्ट ऑफ द अर्थ' हा सिनेमा निघाला. दिग्दर्शक हर्बर्ट बिबरमन. कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलेला आणि तुरुंगवास भोगलेला माणूस. पटकथा मायकेल विल्सनची, निर्माता पॉल जॅरिको, दोघेही काळ्या यादीतले. मुख्य नट हुआन चाकोन हा प्रत्यक्ष त्या युनियनचा अध्यक्ष होता आणि बहुतेक कलाकार संपातलीच माणसे. पटकथा आधी कामगारांच्या घरांत वाचून दाखवली गेली. नायकाचे बाहेरख्याली वागणे, दारूत उडवलेले पैसे, अशा जागा त्यांनी काढायला लावल्या. आमच्याबद्दल लोक आधीच असे बोलतात, तुम्ही पुन्हा तेच दाखवू नका, हा त्यांचा आक्षेप होता. दलित पात्र आले की ते दारुडे तरी किंवा केविलवाणे तरी, असे सिनेमे पाहत वाढलेल्या आपल्या पिढीने या बैठकीचे महत्त्व ओळखावे. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता, पण शेवटचा शब्द वस्तीचा राहिला.

सत्तेने काय केले? नायिका रोसाउरा रेवुएल्तास मेक्सिकोची नामवंत अभिनेत्री होती. चित्रीकरण चालू असतानाच तिला अटक करून परत पाठवण्यात आले. गुंडांनी चित्रीकरणावर हल्ले केले. प्रयोगशाळा फिल्म धुऊन देईनात. १९५४ साली सिनेमा तयार झाला, तेव्हा प्रोजेक्टर चालवणाऱ्यांच्या युनियनने तो दाखवायला नकार दिला. सगळ्या अमेरिकेत डझनभर चित्रपटगृहांतच तो लागू शकला. १९९२ साली त्याच अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तो जपून ठेवण्याच्या चित्रपटांच्या यादीत घेतला.

अडतीस वर्षे. आधी गळा दाबायचा, मग गौरव करायचा. ज्यांचे लढे संपले असे सत्तेला वाटते, त्यांचीच स्मारके ती आनंदाने बांधते. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. पुढच्याच दशकात हॅनोव्हरच्या खाणीच्या दाराशी त्याच मापाने एका युनियनची परीक्षा झाली आणि ती त्यात उतरली. हा सिनेमा आपल्या महिला मंडळांनी पाहावा. नुसता पाहू नये, त्यानंतर चर्चा ठेवावी आणि पुरुषांना चहा करायला सांगावा.

घर न विकणारी म्हातारी

आता पुन्हा बारेलासला. १८८० साली रेल्वे अल्बुकर्कीत आली आणि शेतकऱ्यांचे हे गाव रेल्वे कारखान्याच्या कामगारांची वस्ती झाले. पुढे वाफेची इंजिने गेली आणि कारखान्याची कामेही गेली. वस्ती गरीब झाली. मग 'शहराचे नूतनीकरण' आले आणि १९७० च्या दशकात दक्षिण बारेलासमधली घरेच्या घरे पाडली गेली. वस्तीच्या याच भागात पुढे सांस्कृतिक केंद्राची जागा ठरली.

ज्या समाजाची संस्कृती जपायची, त्याचीच घरे आधी भुईसपाट! हा विरोधाभास एका वृद्ध बाईने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणला. केंद्रासाठी तिने आपले घर विकायला नकार दिला. दबाव आला, बाई हलली नाही. शेवटी आराखडा बदलावा लागला आणि तिचे घर वगळून केंद्र बांधले गेले. कोट्यवधींचे सरकारी संकुल आणि त्याच्या शेजारी एका म्हातारीचे साधे घर. आम्हाला वाटते, त्या केंद्रातला सर्वांत खरा ऐतिहासिक ऐवज आत नाही, तो बाहेर, त्या घरात आहे.

जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि बाबासाहेबांची बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस एका रात्रीत पाडली गेली, तेव्हा लाखाने रस्त्यावर उतरलेल्यांना छपराची किंमत ठाऊक आहे. नवे टोलेजंग बांधून देतो, असे म्हणणाऱ्याला आधी विचारावे लागते, जुने का पाडतोस?

केंद्रात २००४ साली प्रयोगकलांची नवी इमारत झाली. तिला नाव दिले रॉय डिस्नेचे, वॉल्ट डिस्नेच्या पुतण्याचे. ६९१ खुर्च्यांच्या नाट्यगृहाला स्थानिक दैनिकाचे नाव, चित्रपटगृहाला बँकेचे. संपकरी खाणकामगाराचे नाव मोठ्या दारावर नाही. पैसा कुणाचा, नाव त्याचे, हा जगभरचा नियम. विहाराला देणगी देणाऱ्या नगरसेवकाचे नाव तथागतांपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिणाऱ्या आपल्याही लोकांनी यावर फार हसू नये.

तरीही या केंद्राला एका फटक्यात मोडीत काढणे चूक ठरेल. संकुलातल्या पंचेचाळीस फूट उंच बुरुजात फ्रेडेरिको विहिल या चित्रकाराने जवळपास दहा वर्षे खपून सुमारे ४,००० चौरस फुटांचे भित्तिचित्र काढले. २०१० साली ते खुले झाले. त्याचे नावच मिश्रणाच्या जगांविषयी आहे: अरब, ज्यू, मूलनिवासी, आफ्रिकी, स्पॅनिश, सगळे त्या भिंतीवर. 'शुद्ध स्पॅनिश' रक्ताच्या दाव्याला सरकारी भिंतीवरच दिलेले हे उत्तर आहे. २००७ साली राज्याच्या विधिमंडळानेही हेनिसारोंच्या वारसांना मूलनिवासी समाज म्हणून मान्यता देणारे ठराव केले. आणि जून २०२० मध्ये अल्बुकर्कीतला ओन्यातेचा पुतळा, त्याच्याविरुद्धच्या निदर्शनात एका आंदोलकाला गोळी लागल्यानंतर, महापालिकेला हटवावा लागला. छपराखालची लढाई चालू आहे. ती संपलेली नाही, हीच चांगली बातमी.

काळा, पाणी, छावा

शेवटी पुन्हा फ्लामेंको, कारण त्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो.

फ्लामेंको हा स्पेनचा नाच म्हणून विकला जातो. २०१० साली युनेस्कोने त्याला मानवजातीचा वारसा ठरवले. पण तो घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते आंदालुसियातले हितानो, म्हणजे स्पेनमधले रोमा. त्यांचे पूर्वज भारताच्या वायव्य भागातून बाहेर पडले हे भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. पुरावा ऐका. हितानो स्वतःला 'काले' म्हणवतात, त्यांची बोली 'कालो'. मूळ शब्द आपला 'काळा'. त्या बोलीत पाण्याला म्हणतात 'पान्यी'. रोमानी भाषेत मुलगा म्हणजे 'छावो', मराठीतला 'छावा'. तोच शब्द स्पॅनिशमध्ये 'चावाल' झाला आणि मेक्सिकोत पोराला 'चावो' म्हणतात. इतकेच नाही, अमेरिकेतल्या चिकानो तरुणांच्या रस्त्यावरच्या बोलीचे नावही 'कालो'. लुईस वाल्देझच्या 'झूट सूट' या नाटकातले तरुण तीच बोली बोलतात. १९७९ साली ब्रॉडवेवर गेलेले ते पहिले चिकानो नाटक. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी ते झोडपले, काही आठवड्यांत बंद पडले. पण लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले होते.

या 'काळ्या' लोकांचे स्पेनने काय केले? १४९९ च्या राजाज्ञेने भटकणे सोडा नाहीतर फटके आणि हद्दपारी. ३० जुलै १७४९ रोजी सगळ्या देशात एकाच वेळी धाड टाकून हजारो हितानोंना पकडले; पुरुष वेठीला, बायका-मुले वेगळ्या कोठड्यांत. १७८३ साली कायद्याने त्यांना इतरांसारखे नागरिक ठरवले, पण अट अशी की 'हितानो' हे नावच वापरायचे नाही. हक्क हवा तर ओळख सोड. आणि ज्या नाचात त्या सगळ्याचे हुंदके आहेत, तोच पुढे देशाच्या जाहिरातीचा चेहरा झाला.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात राहिलेल्या पारधी, कैकाडी, भामट्यांच्या नातवंडांना हे वेगळे सांगायला नको. त्यांना मुक्त व्हायला १९५२ उजाडावे लागले, देशाला स्वातंत्र्य मिळून पाच वर्षांनी. २०१६ साली दिल्लीत रोमांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांना भारताची लेकरे म्हटले. छान. पण डोंबाऱ्याची पोर रस्त्यावर दोरीवर चालते, ती कुणाचे लेकरू? पारध्याच्या पालावर चोरीच्या नुसत्या संशयाने पोलीस जातात, ते पाल कोणत्या देशात आहे? हजार वर्षांपूर्वी गेलेल्यांना मिठी आणि दारातल्यांना दंडुका, ही संस्कृतीची नव्हे, सत्तेची भाषा आहे.

आपल्यापुढचे काम

या सगळ्यातून आम्ही एक निष्कर्ष काढतो. भवन मिळवणे ही अर्धी लढाई आहे. उरलेली अर्धी, भवनात काय घडते याची. बारेलासच्या केंद्रात हितानोंचा नाच होतो, तेव्हा हितानोंचा इतिहासही सांगितला जातो का, यावर त्या केंद्राची किंमत ठरेल. आपल्या समाजमंदिरातही तोच नियम. वस्त्यांत काम करताना आम्ही पाहतो: फलकावर बाबासाहेबांचे नाव, आत मंडप डेकोरेटरच्या खुर्च्या आणि किल्ली एका पुढाऱ्याच्या खिशात. १४ एप्रिलला डीजे आणि उरलेले वर्ष कुलूप.

हे बदलायला निधीची वाट पाहायची गरज नाही. एक पांढरी चादर आणि भाड्याचा प्रोजेक्टर एवढ्यावर उन्हाळ्याच्या सुटीत सिनेमाचा आठवडा होतो. वस्तीतल्या आजीला जलशातली पदे येत असतील तर ती मोबाइलवर नोंदवा, तिच्या नावासकट. पोरांना तयार नाटक देऊ नका. त्यांच्या वस्तीतला नळ, रेशन, शिष्यवृत्ती यांवर दहा मिनिटांचा खेळ त्यांनाच रचू द्या, गळ्यात पाटी अडकवून. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी पोरांना 'पाहुणे कलाकार' म्हणून बोलावू नका; कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत बसवा. आणि समितीत निम्म्या बाया असू द्या, म्हणजे गरम पाण्याची मागणी कुणाला क्षुल्लक वाटणार नाही.

आणि समाजमंदिराची किल्ली मागून घ्या. देत नसतील तर तोपर्यंत ट्रकच्या फळ्या आहेतच.

जय भीम!